कामावर बोट गेलं, हात गेला... भरपाईचं नक्की काय असतं ते जरा सोप्या भाषेत

पहिली गोष्ट आधीच सांगून टाकतो कारण निम्मे लोक इथेच अडकतात. कामावर अपघात झाला तर भरपाई मिळवायला मालकाची चूक होती हे सिद्ध करावं लागत नाही. प्रेस मशीनवर बोट गेलं की सुपरवायझर पहिलं वाक्य टाकतो, "तुझंच लक्ष नव्हतं", आणि पोरगं बिचारं ते खरं मानून गप्प बसतं, घरचे पण म्हणतात जाऊ दे आपलीच चूक होती. अरे पण कायदा तुमचं लक्ष कुठे होतं ते विचारतच नाही! तो दोनच गोष्टी बघतो, इजा काम करताना झाली का आणि त्या कामामुळे झाली का. दोन्हीचं उत्तर हो असेल तर मालक देणं लागतो, मशीन नवीन असो की जुनं, चूक कुणाचीही असो.

मी वकील नाही. भोसरीकडे एका कंपनीत टाइम ऑफिसला बरीच वर्षं काढली, त्यामुळे अपघाताचे कागद कसे तयार होतात आणि कसे तयार होत नाहीत ते आतून बघितलंय, आता युनियनवाल्या मित्रांबरोबर लेबर कोर्टात जाणं-येणं असतं. तेव्हा हे सगळं कोर्टाच्या भाषेत नाही, कँटीनमध्ये समजावतो तसं समजावतो.

कायद्याचं थोडक्यात. मूळ कायदा १९२३ चा, १ जुलै १९२४ पासून लागू, तेव्हा नाव वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन ॲक्ट. २०१० पासून त्याचं नाव एम्प्लॉईज कॉम्पेन्सेशन ॲक्ट झालं, तरी कोर्टात आजही सगळे "डब्ल्यूसी केस" च म्हणतात. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड लागू झाले आणि हा विषय सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये गेला. घाबरू नका, सांगाडा तोच आहे. त्या तारखेआधीच्या अपघाताला जुना कायदा, नंतरच्याला संहिता, एवढं लक्षात ठेवा. मी खाली कलमं आणि आकडे सांगतोय ते जुन्या कायद्यातले आहेत कारण कोर्टात पडलेल्या केसेस त्याच्याच आहेत, नवीन अपघात असेल तर संहितेतलं कलम आणि नियम वकिलाकडून बघून घ्या.

आता सगळ्यात पहिला प्रश्न, तुमचं ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापलं जातं का? पगार स्लिप काढा आणि बघा. महिन्याचा पगार २१ हजारापर्यंत असेल आणि कंपनी ईएसआयमध्ये येत असेल तर तुमच्या पगारातून ०.७५ टक्के कापतात, मालक ३.२५ टक्के भरतो. असं असेल तर तुमची भरपाई मालकाकडून नाही, ईएसआय महामंडळाकडून येते आणि मग डब्ल्यूसी केस करताच येत नाही, कायद्यातच तशी आडकाठी आहे. हे माहीत नसल्यामुळे लोक चुकीच्या दारात वर्ष-दोन वर्षं घालवतात, तारखा पडत राहतात, आणि शेवटी समोरचा वकील एक ईएसआय कार्ड दाखवतो की संपलं.

ईएसआयला नावं ठेवणारे भरपूर आहेत, दवाखान्यातल्या रांगा बघून मीही ठेवतो, पण अपघाताच्या बाबतीत तिथले फायदे चांगले आहेत हे मान्य करावं लागेल. बरे होईपर्यंत रोजच्या सरासरी पगाराच्या ९० टक्के मिळतात. कायमचं अपंगत्व आलं तर मेडिकल बोर्ड टक्के ठरवतं आणि त्या हिशोबाने दर महिन्याला पैसे येतात, जन्मभर. समजा रोज ६०० रुपये आणि बोर्डाने २० टक्के धरलं, तर ६०० चे ९० टक्के ५४०, त्याचे २० टक्के १०८ रुपये रोज, म्हणजे महिन्याला साधारण ३२०० रुपये, आणि नोकरी चालू असली तरी. कामगार गेला तर बायको-मुलांना पेन्शनसारखी रक्कम. आणि एक गोष्ट फार कमी जणांना माहितीय, आजारपणाच्या भत्त्याला आधी काही महिने वर्गणी भरलेली लागते तशी अपघाताला लागत नाही, पहिल्या दिवशी कामावर गेला आणि पहिल्याच दिवशी हात अडकला तरी हक्क आहे. मालकाने नोंदणीच केली नसेल किंवा वर्गणी थकवली असेल तरी महामंडळ कामगाराला देऊन मालकाकडून वसूल करू शकतं. म्हणूनच तर काही ठिकाणी अपघात झाल्यावर संध्याकाळी घाईघाईने ऑनलाइन नोंदणी होते, अपघात सकाळी ११ चा आणि ईएसआय नंबर दुपारी ४ चा! असा प्रकार दिसला तर त्या नोंदणीची तारीख-वेळ जपून ठेवा. ईएसआयमध्ये तुम्ही बघायचं ते एकच, मालकाने अपघाताचा रिपोर्ट ब्रँच ऑफिसला पाठवला का. तो २४ तासांत जायला हवा. नसेल गेला तर स्वतः ब्रँच ऑफिसला जाऊन लेखी द्या आणि पोच घ्या. बोर्डाने टक्के कमी दिले असं वाटलं तर अपील आहे, ते करा.

ईएसआय नाही? मग मालक थेट जबाबदार. छोटी वर्कशॉप, बांधकाम साइट, वीटभट्टी, ट्रकवरचा ड्रायव्हर-क्लीनर, हमाल असे कितीतरी जण. शेतीत सुद्धा, ट्रॅक्टरवर किंवा मळणी यंत्रावर कामाला लावलेला मजूर यात बसतो. मराठवाड्यात-विदर्भात सोयाबीनच्या सीझनला मळणी यंत्रात हात जायच्या बातम्या दरवर्षी येतात आणि त्यातल्या किती जणांना हे माहीत असतं देव जाणे. "तो रोजंदारीवर होता, परमनंट नव्हता" ही सबब २००० सालच्या दुरुस्तीनंतर चालत नाही.

पैशाचा हिशोब बघू. तीन गोष्टी लागतात: पगार, वय आणि इजेचे टक्के. पगार कितीही जास्त असला तरी हिशोबाला महिना जास्तीत जास्त १५ हजारच धरतात (३ जानेवारी २०२० पासून, त्याआधी ८ हजारच होते). वयासाठी कायद्यात तक्ता आहे, प्रत्येक वयापुढे एक गुणक, २५ वर्षांना २१६.९१, ३० ला २०७.९८, ४० ला १८४.१७, ५० ला १५३.०९, म्हणजे वय वाढलं की आकडा कमी. मृत्यू झाला तर पगाराचे ५० टक्के गुणिले हा गुणक, कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर पगाराचे ६० टक्के गुणिले गुणक, आणि अर्धवट अपंगत्व असेल तर त्या पूर्ण रकमेचे तुमचे जेवढे टक्के तेवढे.

उदाहरण करूनच दाखवतो. ३० वर्षांचा प्रेस ऑपरेटर, पगार १८ हजार, वर्कशॉप ईएसआयमध्ये येतच नाही, उजव्या हाताची दोन बोटं गेली. पगार धरला १५ हजार, ६० टक्के झाले ९ हजार, गुणिले २०७.९८ म्हणजे १८,७१,८२०. कायद्यात इजांचाही एक तक्ता आहे, त्यात एका हाताच्या दोन बोटांना २० टक्के आहेत, म्हणून ३,७४,३६४ रुपये. अंगठा असता तर ३० टक्के, म्हणजे ५,६१,५४६. एक डोळा गेला आणि दुसरा ठीक असेल तर ४० टक्के. चारही बोटं ५० टक्के. नुसती तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के आणि करंगळी ७. हे वाचायला कसंतरीच वाटतं, माणसाच्या बोटांचा दरपत्रक लावल्यासारखं, पण पाठ असलेलं बरं कारण समोरून "पन्नास हजार घे आणि विषय मिटव" अशी ऑफर येते तेव्हा खरा आकडा डोक्यात असला की माणूस तिथल्या तिथे हो म्हणत नाही.

पगारात पण गडबड करतात. हातात १८ हजार येतात पण स्लिपवर बेसिक ९ हजार, मग समोरचा म्हणतो ९ हजारावर हिशोब करा. त्याने वरची पावणेचार लाखाची रक्कम सव्वादोन लाखावर येते! जुन्या कायद्यातल्या पगाराच्या व्याख्येत नुसतं बेसिक नाही, पैशात मोजता येणारे बाकीचे फायदेही येतात, वगळलेलं म्हणजे प्रवासभत्ता, मालकाचा पीएफमधला वाटा असले मोजके प्रकार. रोख पगार असेल तर फोनपे-गुगल पेचे व्यवहार, पासबुक, डायरीत लिहिलेली उचल, जे असेल ते ठेवा.

याशिवाय उपचाराचा खर्च वेगळा, बिलं असतील तर तो खरोखर झालेला खर्च मालकाने द्यायचाय, भरपाईतून वळता करायचा नाही. कामावर जाता येत नाही तेवढ्या काळासाठी दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या २५ टक्के, थोडक्यात अर्धा पगार. तीन दिवसांच्या आत बरं झालात तर मात्र काही नाही.

आणि उशीर झाला की मीटर चालू होतं. भरपाई अपघाताच्या दिवसापासून देय असते, महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि टाळाटाळीला योग्य कारण नसेल तर वर ५० टक्क्यांपर्यंत दंड. वरच्या उदाहरणात नुसतं व्याजच वर्षाला ४५ हजाराच्या आसपास जातं. मालकाने इन्शुरन्स काढला असेल तर इन्शुरन्स कंपनी भरपाई भरते पण दंड सहसा मालकाच्याच खिशातून जातो, म्हणून मालकाच्या वकिलाशी बोलताना दंडाचा विषय काढला की आवाज जरा मऊ होतो.

टक्क्यांवर मात्र खरी मारामारी होते आणि इथे वकील चांगला असण्याने फरक पडतो. तक्त्यातले टक्के ही सुरुवात आहे, शेवट नाही. सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर १९७५ चा एक निकाल आहे. ओडिशात जयपोरला एका सिनेमा थिएटरच्या सजावटीचं काम करणारा सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालकाचं म्हणणं तक्त्याप्रमाणे ७० टक्के द्या. कोर्ट म्हणालं सुतारकाम एका हाताने होत नाही, सुतार म्हणून तो १०० टक्के निकामी झालाय, पूर्ण भरपाई द्या. म्हणजे प्रश्न शरीराचा किती भाग गेला एवढाच नाही, तुमच्या कामाच्या दृष्टीने कमाईची ताकद किती गेली हा आहे. ड्रायव्हरचा पाय, वेल्डरचा डोळा, गवंड्याचं मनगट. सिव्हिल हॉस्पिटलच्या दाखल्यावर ३५ टक्के लिहिलंय म्हणून ३५ वरच बसायचं असं नाही, डॉक्टरला कोर्टात साक्षीला बोलवावं लागतं आणि त्याला नेमका हाच प्रश्न विचारावा लागतो, हा माणूस आता त्याचं ते काम करू शकतो का. हा प्रश्न विचारायलाच विसरलेले वकील मी पाहिलेत.

आता येतो माझ्या मते सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टीवर. केस कोर्टात दोन-तीन वर्षं चालते पण तिचा निकाल बहुतेक वेळा पहिल्या चार-आठ दिवसांतल्या कागदांवर ठरून गेलेला असतो.

हॉस्पिटलचा केस पेपर घ्या. त्यात वरच एक जागा असते, काय झालं आणि कुणी सांगितलं ते लिहायची. जखमी माणूस वेदनेत असतो, बोलतो कोण तर कंपनीच्या गाडीतून घेऊन आलेला सुपरवायझर. आणि तो सांगतो "घरी जिन्यावरून पडला" किंवा "गाडीवरून घसरला", कारण कामावरची इजा म्हटलं की हॉस्पिटल पोलिसांना कळवतं, एमएलसी (पोलीस केसची वैद्यकीय नोंद) होते, मग पंचनामा, मग फॅक्टरी इन्स्पेक्टर. मी एक केस पेपर बघितलाय, पंजाचा चेंदामेंदा झालेला, एक्स-रेमध्ये हाडांचा चुरा, नखांत मशीनचं ग्रीस असल्याचं नर्सने लिहिलेलं, आणि इतिहासाच्या रकान्यात काय तर "बाथरूममध्ये पाय घसरून पडला"! ती ग्रीसची एक ओळ नसती तर ते पोरगं कुठेच टिकलं नसतं. तेव्हा शुद्धीवर असाल तर डॉक्टरला स्वतः सांगा, कंपनीचं नाव, मशीन, वेळ. नसाल तर घरचं कुणीतरी पोचल्या पोचल्या पहिलं काम ते करा, केस पेपर वाचा, चुकीचं लिहिलं असेल तर लगेच डॉक्टरला सांगून दुरुस्त करून घ्या, नाहीच केलं तर हॉस्पिटलला लेखी अर्ज देऊन पोच घ्या. डिस्चार्ज कार्डवरचंही तेच.

दुसरा कागद म्हणजे तुम्ही तिथे कामाला होतात याचा. "हा आमच्याकडे कामालाच नव्हता" हा मालकाचा सर्वात आवडता बचाव आहे आणि अपॉइंटमेंट लेटर कुणालाच दिलेलं नसतं. मग काय चालतं? गेट पास, हजेरी कार्डाचा फोटो, थंब मशीनचा रेकॉर्ड, पीएफचा यूएएन, शिफ्टच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे मेसेज (सुपरवायझरने "उद्या फर्स्ट शिफ्ट ला ये" टाकलेला एक मेसेज सोन्याचा आहे), युनिफॉर्म, कँटीनचं कूपन, सोबत काम करणाऱ्याची साक्ष. सोबतचा माणूस नोकरीच्या भीतीने साक्ष देत नाही हे गृहीत धरा, त्याला दोष देऊ नका, पण कंपनी सोडून गेलेला एखादा शोधा, तो बोलतो. ग्रुपमधून तुम्हाला काढून टाकायच्या आधी स्क्रीनशॉट काढा.

फॅक्टरी असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला अपघात कळवणं मालकावर बंधनकारक आहे, कामगार ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही की नोटीस जायला पाहिजे. गेली नसेल तर तुम्ही तक्रार करा, इन्स्पेक्टरने येऊन केलेला रिपोर्ट कोर्टात फार उपयोगी पडतो, मशीनला गार्ड होता का, सेन्सर चालू होता का हे त्यात येतं. पोलिसात पण लेखी द्या.

आणि सह्या! कोऱ्या कागदावर, व्हाउचरवर, "ईएसआयसाठी लागते" म्हणून सांगितलेल्या फॉर्मवर, इंग्रजीत टाइप केलेल्या स्टॅम्प पेपरवर सही-अंगठा देऊ नका. दिलीच असेल तरी सगळं संपलं असं समजू नका. भरपाईचा हक्क सोडून दिला असा करार कायद्याने रद्दबातल आहे. मालकाशी तडजोड झाली तर ती कमिशनरकडे (भरपाईचे दावे ऐकणारा अधिकारी) नोंदवावी लागते, नोंदवली नाही तर मालकाची पूर्ण भरपाईची जबाबदारी तशीच राहते, आणि आधी दिलेल्या पैशातले निम्म्यापेक्षा जास्त तो वजा पण करू शकत नाही, कमिशनरने वेगळं सांगितलं तरच. हे कलम मालकांना त्यांचे सल्लागार सांगत नाहीत बहुतेक.

कामगार मेला असेल तर नियम अजून कडक आहे. भरपाई वारसांच्या हातात द्यायचीच नाही, कमिशनरकडे जमा करायची, तो वाटणी करतो आणि लहान मुलांचा वाटा त्यांच्या नावाने गुंतवतो. मालकाने गावाकडे गाडी पाठवून दहाव्याच्या दिवशी विधवेच्या हातात दोन लाख ठेवले, सरपंचासमोर पावती केली, फोटो काढले, तरी कायद्याच्या नजरेत ती भरपाई दिलीच नाही असं धरतात. फक्त तीन महिन्यांच्या पगाराएवढी आगाऊ रक्कम तेवढी मोजली जाऊ शकते. तेव्हा "आम्ही पैसे घेतलेत, आता केस कशी करणार" असं म्हणणाऱ्या बाईला कुणीतरी हे सांगा. ३० वर्षांच्या, १५ हजार पगाराच्या माणसाच्या मृत्यूचा हिशोब १५,५९,८५० होतो, दोन लाख नाही.

ठेकेदाराचं काय? चाकण-रांजणगावकडे आता शॉप फ्लोअरवर निम्म्याच्या वर पोरं ठेकेदाराचीच असतात, आणि अपघात झाला की ठेकेदाराचा फोन बंद. कायदा म्हणतो, काम मूळ कंपनीच्या नेहमीच्या धंद्यातलं असेल आणि अपघात तिच्या ताब्यातल्या जागेत झाला असेल तर मूळ कंपनीकडून मागा, ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करेल, ते त्यांचं ते बघतील. म्हणून अर्जात दोघांनाही पार्टी करायचं, इन्शुरन्स कंपनी माहीत असेल तर तिलाही. बिल्डरच्या साइटवर पण हेच. बांधकाम कामगाराची इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी असेल तर मंडळाची मदत वेगळी मिळते, ती मिळाली म्हणून मालकाची भरपाई सुटत नाही.

दारू प्यायला होता, मुद्दाम सेफ्टी गार्ड काढला, नियम धुडकावला, हे बचाव मालकाला आहेत पण सिद्ध त्याने करायचे, आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर हे बचाव चालतच नाहीत.

येता-जाता झालेल्या अपघाताचं बरेच जण विचारतात. यावर मोठा निकाल आपल्याच मराठवाड्यातल्या केसवर आलाय. साखर कारखान्याचा वॉचमन, पहाटे ३ ची शिफ्ट, २२ एप्रिल २००३ ला मोटारसायकलवरून ड्युटीला निघाला आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. कमिशनरने ३,२६,१४० रुपये आणि व्याज मंजूर केलं, हायकोर्टाने ते रद्द केलं, आणि सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये पुन्हा बायको-मुलांच्या बाजूने दिलं. वेळ, जागा आणि परिस्थिती बघता प्रवासाचा कामाशी संबंध जुळत असेल तर तो कामावरचाच अपघात. बावीस वर्षं लागली पण, हेही खरंच. नवीन संहितेत घर ते कामाची जागा हा प्रवास आता सरळ लिहूनच टाकलाय. अर्थात ड्युटी सुटल्यावर मित्राच्या वाढदिवसाला जाताना पडलात तर ते यात येत नाही. ड्रायव्हर लोकांसाठी एक वेगळं, गाडी चालवताना अपघात झाला तर मोटार अपघात ट्रिब्युनल किंवा डब्ल्यूसी यापैकी एकच रस्ता निवडायचा असतो, दोन्हीकडे दावा नाही चालत, म्हणून आधी दोन्हीचा हिशोब करून मगच अर्ज टाका.

अर्ज कुठे? महाराष्ट्रात कमिशनरचं काम बहुतेक ठिकाणी लेबर कोर्टाचे नाहीतर सिनियर डिव्हिजनचे दिवाणी न्यायाधीश बघतात. संहितेत त्याला सक्षम प्राधिकारी म्हटलंय. आणि छान गोष्ट अशी की अर्ज अपघात झाला तिथेच करावा लागत नाही, तुम्ही किंवा वारस राहतात तिथे करता येतो. बीडचा ऊसतोड मजूर कर्नाटकातल्या कारखान्याच्या हद्दीत अपघातात मेला तर त्याच्या बायकोने बेळगावच्या चकरा मारायची गरज नाही, बीडलाच अर्ज करता येतो. पिंपरीत बोट गेलेल्या बिहारच्या पोराला पण हेच लागू, गावी गेलो म्हणजे हक्क गेला असं नाही.

मुदत दोन वर्षं. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो पण त्या भरवशावर राहू नका. आधी मालकाला लेखी नोटीस द्या, रजिस्टर पोस्टाने, काय झालं, कधी, कुठे, साध्या मराठीत चार ओळी पुरेत. "साहेब म्हणालेत दिवाळीनंतर बघू", "बरा झाला की परत घेऊ" यात महिने जातात. कामावर परत घेतलं तरी भरपाई मागता येते हे पण बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि परत कामावर घेण्याच्या आशेनेच दोन वर्षं निघून जातात.

वकिलाचं आता. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस गाठा, जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती. हेल्पलाइन १५१००. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात फुकट वकील मिळायला पात्र कोण याची यादी आहे आणि त्यात औद्योगिक कामगार सरळ सरळ आहे, महिला आहेत, अपंग व्यक्ती आहेत, अनुसूचित जाती-जमाती आहेत, या लोकांना उत्पन्नाची अटच नाही. म्हणजे बोट गेलेला कामगार नाहीतर मेलेल्या कामगाराची बायको, दोघंही उत्पन्न न बघता पात्र. मिळणारा वकील कसा असेल हे नशिबावर आहे असं लोक म्हणतात, मला मिळालेला अनुभव संमिश्र आहे, पण एक करता येतं, वकील तारखेला येत नसेल तर प्राधिकरणाकडे अर्ज करून बदलून मागता येतो, लोक मागत नाहीत.

खाजगी वकील करणार असाल तर हा विषय रोज करणारा बघा, लेबर कोर्टाच्या बाररूममध्ये विचारलं की दोन-तीन नावं कुणीही सांगतं. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये येऊन "साहेब आहेत आमचे, खर्च काही नाही, मिळाल्यावर तीस टक्के द्या" म्हणणाऱ्या एजंटपासून चार हात लांब. भरपाईत टक्केवारी ठरवून केस घेणं बार काउन्सिलच्या नियमातच बसत नाही, तरी सर्रास चालतं. फी ठरवायची ती आकड्यात ठरवा, लिहून घ्या, वकीलपत्रावर सही करताना बाकी कोरे कागद सही करून देऊ नका, आणि ओरिजिनल केस पेपर-एक्स-रे स्वतःकडे ठेवा, वकिलाला झेरॉक्स. कोर्टाला ओरिजिनल लागतील त्या दिवशी घेऊन जायचे.

कायद्यात लिहिलंय की कमिशनरने तीन महिन्यांत निकाल द्यावा. प्रत्यक्षात तसं होत नाही, वर्षं जातात, समन्स लागत नाही, मालकाचा वकील मुदत मागतो, डॉक्टर साक्षीला येत नाहीत. तेवढा वेळ धरूनच चाला, पण व्याज चालू असतं हे विसरू नका, उशिराचा फटका कागदावर तरी मालकाला आहे.

निकाल तुमच्या बाजूने लागला आणि मालकाला हायकोर्टात जायचं असेल तर आधी पूर्ण रक्कम जमा करावी लागते, त्याचं सर्टिफिकेट जोडल्याशिवाय अपील घेतच नाहीत, आणि अपीलही फक्त महत्त्वाच्या कायदेशीर मुद्द्यावर, पुरावा पुन्हा चिवडत बसायला नाही. जमा झालेली रक्कम अपील चालू असताना सगळी किंवा थोडी काढायला मिळावी म्हणून तुमच्या वकिलाने अर्ज करायचा असतो, तो आपोआप होत नाही. आणि मालक अपीलही करत नाही, पैसेही भरत नाही, असं झालं तर कमिशनरकडे वसुलीचा अर्ज द्यायचा, मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, प्रकरण कलेक्टर-तहसीलदाराकडे जातं. तिथे फाइल पडून राहू नये म्हणून मालकाच्या मालमत्तेचे कागद, म्हणजे गाळ्याचा उतारा, मशिनरी, गाड्यांचे नंबर, बँकेचं नाव, असं जे मिळेल ते अर्जालाच जोडून द्या, तलाठी काही स्वतःहून शोधत फिरत नाही.